प्रत्यारोपणानंतरचे विषाणूजन्य कॅन्सर: काय शोधावे, काय शोधू नये

अवयवप्रत्यारोपण हा आता मोठ्या शहरांतल्या मूठभर सधन माणसांचा विषय राहिलेला नाही. २०१३ मध्ये देशभरात पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये तोच आकडा अठरा हजारांच्या पुढे गेला. त्यांतली बहुतेक मूत्रपिंडाची होती आणि बहुतेक दाते जिवंत होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मिळणाऱ्या मदतीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. त्यामुळे तारापूर औद्योगिक वसाहतीतला कामगार, पालघरचा शिक्षक किंवा डहाणूचा बागायतदार यांच्याही आवाक्यात ही शस्त्रक्रिया येऊ लागली आहे. शस्त्रक्रिया मुंबईत होते, किंवा सीमेपलीकडे गुजरातेत. नवे मूत्रपिंड घेऊन जगायची पुढची दहा-वीस वर्षे मात्र माणूस आपल्या गावात काढतो. या वर्षांत त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि त्याचा फायदा घेऊन काही विषाणू कॅन्सर घडवू शकतात. हे कॅन्सर आधीच हेरता येतात का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. उत्तर असे की काही येतात आणि काही येत नाहीत. म्हणून सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करण्याऐवजी मोजक्याच कराव्यात, पण त्या न चुकता आणि रुग्णाच्या घराजवळ व्हाव्यात. पुढची सारी मांडणी या एका मुद्द्यासाठी आहे.

आधी पुरावा पाहू. प्रत्यारोपणाच्या आरंभकाळातच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतले शल्यचिकित्सक इझ्रायल पेन यांनी प्रत्यारोपणानंतर कॅन्सर झालेल्या रुग्णांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. एकेका रुग्णाच्या नोंदीतून जो संशय आला, तो पुढे मोठ्या आकड्यांनी पक्का केला. १९८७ ते २००८ या काळात अमेरिकेत झालेल्या १,७५,७३२ प्रत्यारोपणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत या रुग्णांत कॅन्सरचे एकूण प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. मात्र ही वाढ सरसकट नव्हती. स्तन आणि प्रोस्टेट यांचे कॅन्सर वाढलेले नव्हते. लसिकापेशींचा कॅन्सर, म्हणजे नॉन-हॉजकिन लिम्फोमा, साडेसात पट होता आणि कापोसी सार्कोमा साठ पटींहून अधिक. स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाचा कॅन्सरही साडेसात पट, गुदद्वाराचा जवळपास सहा पट आणि शिश्नाचा चार पट आढळला. सर्वाधिक वाढलेल्या कॅन्सरांत विषाणूंशी जोडलेल्यांची संख्या मोठी होती. लिम्फोमाशी एपस्टीन-बार विषाणूचा, कापोसीशी आठव्या क्रमांकाच्या मानवी हर्पिस विषाणूचा आणि बाकीच्या तिघांशी मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, संबंध आहे.

यावर कुणी म्हणेल की दोष औषधांच्या विषारीपणाचा असेल, विषाणूंना कशाला बोल लावायचा? या शंकेचे उत्तर २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या एका तुलनेने दिले. एकीकडे प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि दुसरीकडे एचआयव्हीबाधित लोक, असे दोन गट संशोधकांनी समोरासमोर ठेवले. या दोन गटांचे वय, राहणी, आजार आणि औषधे यांत काहीच सारखे नव्हते. दोघांची प्रतिकारशक्ती दुबळी होती, एवढेच साम्य. तपासलेल्या अठ्ठावीस प्रकारच्या कॅन्सरांपैकी वीस दोन्ही गटांत वाढलेले निघाले आणि त्यांतले बरेचसे विषाणूंशी निगडित होते. याचा अर्थ असा की शरीरातल्या टी-पेशी एरवी ज्या विषाणूंना आयुष्यभर आटोक्यात ठेवतात, ते पहारा सैल पडला की डोके वर काढतात. या विषाणूंचे काही प्रकार पेशीची वाढ थांबवणारी प्रथिनेच निकामी करतात. प्रत्यारोपणात टी-पेशींनाच लक्ष्य केलेले असते, कारण परका अवयव ओळखून नाकारणाऱ्याही त्याच असतात. अवयव टिकवायचा तर हा धोका पूर्णपणे टाळता येणार नाही. त्यावर नजर मात्र ठेवता येईल.

पण नजर कशावर ठेवायची? स्क्रीनिंग, म्हणजे लक्षणे दिसण्यापूर्वीची तपासणी, केव्हा करावी याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये मांडले. ते आजही लागू पडतात. रोगाला ओळखता येईल अशी प्राथमिक अवस्था हवी. ती अवस्था दाखवणारी, लोकांना मान्य होईल अशी तपासणी हवी. त्या अवस्थेत उपचार केले तर फायदा होतो हे ठाऊक हवे आणि तो उपचार रुग्णाच्या आवाक्यात हवा. यांपैकी एकही अट सुटली, तर तपासणीतून चिंता आणि खर्च यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. विषाणूजन्य कॅन्सर या निकषांवर एकेक करून घासून पाहिले की त्यांची वेगवेगळी प्रतवारी लागते. प्रगत देशांतल्या रुग्णालयांची यादी जशीच्या तशी उतरवून घेण्यातली चूकही तिथेच कळते.

एपस्टीन-बार विषाणूचे पाहा. प्रत्यारोपणानंतरचा लिम्फोमा हा सर्वांत धास्ती घालणारा प्रकार, कारण तो पहिल्या वर्षातही उद्भवू शकतो. साहजिकच रक्तातला या विषाणूचा भार वारंवार मोजावा असे वाटते. पण धोका सर्वांना सारखा नसतो. ज्याला हा विषाणू आधी कधीच लागलेला नाही, त्याला विषाणू बाळगणाऱ्या दात्याचा अवयव मिळाला तर धोका सर्वाधिक. मूत्रपिंड रोगांविषयीच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना नेमक्या याच गटासाठी तपासणी सुचवतात. पहिल्या आठवड्यात एकदा, मग तीन ते सहा महिने दरमहा आणि त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तीन महिन्यांनी, असा तिचा क्रम आहे. आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू लहानपणीच, लाळेवाटे, नकळत लागून गेलेला असतो. त्यामुळे पालघरच्या पंचेचाळीस वर्षांच्या रुग्णात ही जोखीम क्वचित असते. प्रत्यारोपण होणाऱ्या लहान मुलात मात्र ती खरीखुरी असते. म्हणजे मोठ्यांसाठी प्रत्यारोपणापूर्वीची एक रक्तचाचणी पुष्कळदा पुरेशी ठरते आणि मुलांसाठी वर्षभराचे वेळापत्रक लागते. या तपासणीतून हाती येणारा उपायही ठोस आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केली की असे काही लिम्फोमा मागे हटतात, हे थॉमस स्टार्झल यांच्या गटाने १९८४ मध्येच दाखवले होते.

कापोसी सार्कोमा आणि त्वचेचे कॅन्सर यांचे गणित आणखी निराळे आहे. पाश्चात्त्य याद्यांत त्वचेच्या तपासणीला मोठे स्थान असते, कारण गोऱ्या कातडीत हे कॅन्सर अतोनात वाढतात. सावळ्या त्वचेत ते पुष्कळ कमी आढळतात. कापोसीचा विषाणूही भारतात विरळा आहे. म्हणून इथे महागड्या विषाणूचाचण्यांचे प्रयोजन नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांनी रुग्णाचे कपडे उतरवून त्वचा आणि तोंडाचा आतला भाग नीट पाहिला तरी चालते. तोंडाकडे विशेष लक्ष द्यायला हवे ते तंबाखूमुळे. आपल्याकडचे तोंडाचे बहुसंख्य कॅन्सर विषाणूचे नाहीत, तंबाखू आणि सुपारीचे आहेत. प्रत्यारोपण झालेला माणूस मशेरी लावत किंवा गुटखा खात राहिला, तर विषाणूंचा कितीही शोध घेतला तरी मुख्य धोका तसाच राहतो.

आता एचपीव्हीकडे वळू. विल्सन-युंगनर यांचे सगळे निकष इथे पूर्ण होतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका दिवसात होत नाही. संसर्ग, मग पेशींतले सौम्य बदल, मग तीव्र बदल आणि शेवटी कॅन्सर, असा त्याचा क्रम असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीमध्ये या प्रवासाला पंधरा ते वीस वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर तो पाच ते दहा वर्षांत संपू शकतो. अवकाश कमी होतो, पण नाहीसा होत नाही. तपासण्यांमधले अंतर कमी केले की तो अवकाश पुन्हा आपल्या हाती येतो. याचा अप्रत्यक्ष पुरावा वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासातच आहे. एचपीव्हीचे इतर कॅन्सर कित्येक पटींनी वाढलेले असताना गर्भाशयमुखाचा पसरलेला कॅन्सर मात्र सर्वसाधारण स्त्रियांइतकाच होता. विषाणूने त्या अवयवाला सूट दिली होती असे नाही, कारण कॅन्सरपूर्व अवस्थेतले बदल या रुग्णांत सुमारे तिप्पट असल्याचे दुसऱ्या अभ्यासात दिसले. फरक पडला तो नियमित तपासणीमुळे, असाच त्याचा अर्थ लावला जातो. विषाणू, अवयव आणि औषधे तीच, पण जिथे तपासणीची रीत होती तिथे कॅन्सर अडला.

श्रीमंत देशातला हा धडा आपल्याला कसा लागू पडेल, या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशी जावे लागत नाही. ते महाराष्ट्रातच मिळाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने आंतरराष्ट्रीय सहकार्यातून १,३१,७४६ स्त्रियांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या एकवेळच्या पाहणीने मात्र तिथे मृत्यूंत तसा ठळक फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच दीड लाख स्त्रियांमध्ये तीच साधी पाहणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. पाहणी करणाऱ्या स्त्रिया दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या होत्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून वाचल्या तर निष्कर्ष असा निघतो की तपासणी अचूक असेल तर एकदा केलेलीही कामी येते, साधी असेल तर ती पुन्हा पुन्हा करावी लागते. आणि दोन्ही गोष्टी मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर करता येतात. या चाचण्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर झालेल्या नव्हत्या, हे खरे. पण ज्यांच्यात तोच कॅन्सर अधिक वेगाने वाढतो, त्यांना या तपासणीची गरज कमी आहे असा तर्क कसा लावणार? एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षापासून, तीन ते पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवली. प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीसाठी हेच वेळापत्रक आधाराला घेणे शहाणपणाचे आहे.

यकृताच्या बाबतीतही चित्र स्पष्ट आहे. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत हिपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका जास्त असतो. प्रत्यारोपणानंतर औषधांमुळे दबलेला हिपॅटायटिस बी पुन्हा उसळू शकतो आणि वर्षांनंतर यकृताचा कॅन्सर घडवू शकतो. इथे तपासणीपेक्षाही मोठे साधन आपल्या हाती आहे. हिपॅटायटिस सी आता तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांनी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो आणि बीला औषधांनी दाबून ठेवता येते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. ज्यांचे यकृत आधीच आक्रसलेले आहे, त्यांच्यासाठी सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी पुरते. ती बोईसरमध्ये होते, तिच्यासाठी परळ गाठावे लागत नाही.

इथे पालघरच्या भूगोलाचा मुद्दा येतो. उपनगरी लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, जिल्हाही स्वतंत्र झाला. तरी बोईसरहून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगडला तर रेल्वेच नाही. प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात जाणाऱ्या रुग्णाचा दिवस रक्तातली औषधाची पातळी, क्रिएटिनिन आणि रक्तदाब यांतच संपतो, आणि ते योग्यही आहे, कारण मूत्रपिंड वाचवणे हे त्या केंद्राचे पहिले काम. गर्भाशयमुखाची तपासणी तिथे कुणी विचारत नाही. गावचा डॉक्टर आपल्या बाजूने म्हणतो की प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे, त्याला आपण हात लावायला नको. त्यामुळे दोघांच्या मधली मोकळी जागा तशीच राहते. तंत्रज्ञानाची उणीव इथे दुय्यम आहे. ही तपासणी नेमकी कुणाचे काम, हे कुठेच लिहिलेले नसते, हीच मुख्य अडचण. देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या दोन टक्क्यांहून कमी स्त्रियांची आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झाली असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. अशा परिस्थितीत प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीची तपासणी आपोआप होईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

यावर पहिला आक्षेप संख्येचा. जिल्ह्यात असे रुग्ण असतील किती आणि त्यांत स्त्रिया किती? आक्षेपात तथ्य आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात प्रत्यारोपण झालेल्यांत पाचांपैकी चार पुरुष होते, ही आपल्या समाजाबद्दलची वेगळीच आणि खेदाची गोष्ट. पण संख्या कमी असणे हे इथे सोयीचे ठरते. लाखो स्त्रियांची तपासणी करायला मनुष्यबळ नाही हे समजू शकते. मोजक्या, नावनिशी ठाऊक असलेल्या, दर महिन्याला औषध घेणाऱ्या रुग्णांचे वेळापत्रक सांभाळणे अवघड नाही. शिवाय पुरुष यातून सुटत नाहीत. गुदद्वार आणि शिश्न यांचे कॅन्सर त्यांनाही होतात आणि वर्षातून एकदा संकोच बाजूला ठेवून केलेली साधी शारीरिक तपासणी त्यांच्यासाठीही आहे. जव्हारसारख्या भागातल्या स्त्रीला एचपीव्हीचा नमुना स्वतः घेण्याची सोय देता येते. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासण्या वाढल्या की निरुपद्रवी गोष्टीही सापडतात, रुग्ण धास्तावतो आणि स्वतःच औषध कमी करून अवयव गमावतो. दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. सरसकट सोनोग्राफीमुळे तिथे थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या तुलनेत २०११ पर्यंत पंधरा पट वाढले, पण त्या कॅन्सरचे मृत्यू होते तेवढेच राहिले. असंख्य लोकांनी गरज नसताना ग्रंथी गमावल्या. म्हणूनच या प्रकरणात सुचवलेली यादी आखूड आहे. संपूर्ण शरीराचे स्कॅन, ट्यूमर मार्करची पॅकेजे आणि दर तिमाहीला मोठ्यांचा एपस्टीन-बार भार यांना तिच्यात जागा नाही. राहता राहिला औषध कमी करण्याचा प्रश्न. त्याचा निर्णय प्रत्यारोपणतज्ज्ञाचाच असतो, आणि एचपीव्ही आढळल्यावर सहसा पुढची तपासणी किंवा गर्भाशयमुखावर छोटा उपचार करतात, औषधे थांबवत नाहीत. हे रुग्णाला निकाल हातात येण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

तिसरी शंका या भागातली खास आहे. १९६९ पासून चाललेले तारापूरचे अणुवीज केंद्र आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलेली औद्योगिक वसाहत शेजारी असताना विषाणूंना कशाला दोष द्यायचा, असे कुणालाही वाटेल. हवापाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासला जायलाच हवा. पण प्रत्यारोपणानंतर काही विशिष्ट कॅन्सर वाढतात हे जिथे शेजारी अशी वसाहत नाही अशा ठिकाणच्या नोंदींतही दिसते, आणि त्यांची निवड विषाणूंनी केलेली असते, धुराने नव्हे. प्रदूषणावरचा राग रास्त असला तरी तो गर्भाशयमुखाची तपासणी पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही. तसे पाहिले तर कॅन्सरच्या शोधाची देशातली सर्वांत अनुभवी संस्था, टाटा मेमोरियल, १९६२ पासून ज्या अणुऊर्जा विभागाखाली आहे, त्याच विभागाचे केंद्र तारापूरला आहे. धाराशिवमध्ये जे करून दाखवले ते पालघरमध्ये करण्यासाठी ज्ञान बाहेरून आणावे लागणार नाही.

सर्वांत स्वस्त काम मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच उरकता येते. डायलिसिसवर वाट पाहण्याचा काळ वाया जाऊ देऊ नये. हिपॅटायटिस बीची लस या रुग्णांना जास्त मात्रेत द्यावी लागते आणि प्रत्यारोपणानंतर तिचा प्रतिसाद आणखी घटतो. एचपीव्हीच्या लशीचेही तसेच. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने ती नंतरही देता येते, पण आधी दिली तर शरीर तिला अधिक चांगले ओळखते. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना तिचे तीन डोस लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि ती मुलामुलींसाठी, नऊ ते सव्वीस वयात देता येते. त्या वयातल्या प्रत्येक डायलिसिस रुग्णाला तिच्याबद्दल सांगितले गेलेच पाहिजे.

प्रत्यारोपण केंद्राने रुग्णाला पालघरला परत पाठवताना त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: हिपॅटायटिस बी, सी आणि एपस्टीन-बार यांची त्या वेळची स्थिती, स्त्री असल्यास पुढच्या एचपीव्ही चाचणीची तारीख, त्वचा, तोंड आणि जननेंद्रिये यांच्या वार्षिक तपासणीचा महिना, आणि ही तपासणी जिल्ह्यात कोण करणार त्या डॉक्टरचे नाव. पहिल्या तीन गोष्टी लिहायला पाच मिनिटे पुरतात. चौथी लिहिलेली नसेल, तर रुग्णाने ती लिहून घेतल्याशिवाय फाइल घेऊन निघू नये.